खोलीचा आवाज

इशाची अजान संपली की आधी फ्रिज बंद.
गाडीची चावी फ्रिजमध्ये, वांग्यांशेजारी,
म्हणजे परत चालू करायचं विसरलो
तर सकाळी चावीच आठवण करून देणार.
मग एसी. जुलैमधलं अबू शगारा,
तिसऱ्या मिनिटाला भिंतीसुद्धा घामेजतात.
ओवी पलंगावर, मांडीवर पुस्तक,
पान उलटायला बंदी.
शैला कढईवर झाकण घालून
हातात झारा धरून उभी,
फोटो काढून घेताना उभं राहतात तशी.

रोडेल कपाटात शिरतो.
खरंच कपाटात. दोन्ही दारं उघडी,
मागे शैलाच्या साड्या, माझा एकुलता एक कोट,
आणि हँगरला दोरीने बांधलेला माईक.
दिवसभर खालिद बंदरात क्रेन चालवतो हा माणूस
आणि रात्री गातो बुकिदनॉनच्या कुरणांवर,
एका वासरावर, त्याच्या तुटलेल्या दाव्यावर,
इंग्रजीत, थोडं नाकातून,
शेवटचा स्वर मुद्दाम मोडून.

'कंट्री म्हणजे कुठला देश?'
शैलाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.
देश नाही गं, गावाकडचं.
'कुणाच्या गावाकडचं?'
मी हेडफोनची वायर सोडवत बसलो.

शिबू गिटार मांडीवर आडवी घेतो,
पान्याचा सॉकेट तारांवरून घसरवतो.
एका सुरातून निघालेला आवाज
दुसऱ्याच्या दारापर्यंत जातो
आणि कडी न वाजवता पुढे सरकतो.

मग सगळे गेल्यावर माझं काम.
खुर्चीची करकर, तांदळातल्या खड्यासारखी वेचून बाहेर.
श्वास कमी करायचे, सगळे नाही, माणूस मरतो.
अंगावर येणारा शब्द जरा मागे,
पुटपुटणारा पुढे,
पंगतीत पाहुणे बसवावेत तसे.
शेवटी कॉम्प्युटर मागतो शांततेचा नमुना,
तीन सेकंद पुरतात.
मी दिले, गाणं सुरू होण्याआधीचे.
आवाज वाढवून ऐकले:
पलंगाची एक स्प्रिंग,
झाऱ्यावरून निथळलेला थेंब,
खाली मागे येणारा पाण्याचा टँकर.
निवडलं. पुसलं.
गाणं आरशासारखं लख्ख झालं.

ऑगस्टात कंपनीने शाळेच्या फीबाबत हात वर केले.
तीस किलोच्या दोन बॅगा,
शैला आणि ओवी इस्लामपूरला.

सप्टेंबरात रोडेल आला.
तिसऱ्या कडव्यातली एक ओळ बदलायची म्हणाला,
भावाने वासरू विकलं.
इशाची अजान. फ्रिज. एसी.
गप्प बसा म्हणायला कुणी नव्हतं.
तीच जागा, तोच माईक,
ओठांपासून अंतर तेच, वीतभर आणि चार बोटं.
पहिल्या फटक्यात ओळ झाली.
जोडली, तर बसेना.
मागच्या-पुढच्या ओळींत तो घरात गातोय
आणि या एकीत पत्र्याच्या डब्यात.

तास लागला कळायला.
साड्या.
इतके महिने मुकाट्याने आवाज पिणाऱ्या
सगळ्या साड्या तिने घडी घालून नेल्या होत्या
आणि लाकूड आता प्रत्येक शब्द
जसाच्या तसा परत करत होतं.
जुना नमुना लावून पाहिला.
त्या शांततेचं माप या शांततेला होईना.

फोन केला. तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली.
'पलंगाखाली दोन रजया आहेत, त्या टांग,'
ती झोपेतच म्हणाली, 'जेवलास का?'

टांगल्या. पुन्हा गायला लावलं.
थोडं बसलं. सगळं नाही.
रोडेलने दोनदा ऐकलं, टोपी घातली.
राहू दे म्हणाला,
तसंही ते वासरू आता तिथे नाही.

पहाटे त्याला सोडायला निघालो
तर चावी सापडेना.
खिसे, टेबल, उशी, बाथरूम.
मग फ्रिज उघडला.
आतला दिवा लागला नाही.
एक पाण्याची बाटली आणि चावी,
दोन्ही कोमट.